भोकं बुजवू नका

महोदय,

युद्धातलं हेलिकॉप्टर जपायचं म्हणजे पत्रे बदलून चकाचक रंग द्यायचा, असा आपल्याकडे समज दिसतो. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या फॉकलंड युद्धातलं ब्रिटिश नौदलाचं वेसेक्स हेलिकॉप्टर ‘हम्फ्री’ पाहा. एप्रिल १९८२मध्ये अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटावरच्या फॉर्च्युना हिमनदीवर दोन हेलिकॉप्टर कोसळली, तेव्हा अडकलेल्या जवानांना यानेच बाहेर काढलं. तीनच दिवसांनी अर्जेंटिनाच्या ‘सांता फे’ पाणबुडीवर याने डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले. पुढे फॉकलंडमधल्या सॅन कार्लोसच्या हवाई हल्ल्यात अंगावर भोकं पडली. आज ते इंग्लंडमधल्या येओव्हिल्टनच्या संग्रहालयात आहे आणि भोकं जपलेली आहेत! आपल्या चौकांतल्या विमानांना सरसकट ऑइलपेंट फासणाऱ्यांनी निदान मारा झेललेला भाग तरी सोडावा.

– एक वाचक, नाशिक