'किडे पडले होते' एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,

रानात किंवा उसाच्या फडात कुजलेला मृतदेह सापडला की बातमीतले एक वाक्य ठरलेले असते : 'मृत्यू आठ-दहा दिवसांपूर्वी झाला असावा.' हा अंदाज वासावरून आणि देह किती फुगला यावरून बांधलेला असतो. आमच्या बेळगाव भागात पंचनाम्यात फार तर 'किडे पडले होते' अशी नोंद येते. कन्नडात 'हुळ', मराठीत 'किडे'. दोन्ही शब्दांत अळी, कोष, भुंगेरा सगळेच मावते, आणि दिवस मोजायला जे हवे, म्हणजे किड्याची जात आणि वाढीचा टप्पा, तेच निसटते.

दिवसा, उघड्यावर मृत्यू झाला तर काही मिनिटांतच चकाकत्या निळ्या-हिरव्या माश्या येतात. नाक, तोंड, डोळे, जखम अशा ओलसर जागी एकेक मादी दोन-तीनशे अंडी घालते. करड्या, पाठीवर काळे पट्टे असलेल्या मांसमाश्या थेट जिवंत अळ्याच सोडतात. त्यांच्या हिशेबात अंड्याचा काळ धरायचा नसतो. आपल्याकडची नेहमीची निळी-हिरवी माशी, क्रायसोमाया मेगासेफाला, २७ अंशांच्या आसपास अंड्यापासून माशी व्हायला साधारण दहा दिवस घेते. तिच्या मागोमाग येणाऱ्या क्रायसोमाया रुफिफेसिसच्या काटेरी अळ्या आधीच्या अळ्यांनाच खातात. म्हणजे सगळ्यात जुना साक्षीदार नाहीसा होऊ शकतो. अळ्या खायला आखूड पंखांचे आणि काळे चकचकीत भुंगेरेही येतात. मांस सुकले की कातडे कुरतडणारे डर्मेस्टिस आणि लाल पायांचा निळसर नेक्रोबिया हे भुंगेरे हजर होतात. सुक्या मासळीला लागतात तेच हे दोघे. बाजारातल्या मासळीवाल्यांना ते तज्ज्ञांपेक्षा चांगले ओळखू येतील.

पॅरिसचे पशुवैद्य मेन्यँ यांनी १८९४ मध्ये मृतदेहावर येणाऱ्या किड्यांच्या अशा आठ लाटा सांगितल्या. तो तक्ता फ्रान्सच्या हवेतला. तो इथे जसाच्या तसा लावणे म्हणजे कोरड्या अथणीचा पेरणीचा मुहूर्त घाटातल्या पावसाळी कणकुंबीला सांगण्यासारखे आहे. अळीची वाढ तापमानावर चालते. समजा, एखाद्या जातीला ठरावीक टप्पा गाठायला १० अंशांच्या वर १८०० अंश-तास (दर तासाला १० च्या वर जितके अंश, त्यांची बेरीज) लागतात. हवा २८ अंश असेल तर तो टप्पा १०० तासांत येतो. घाटाकडच्या जांबोटीच्या पावसाळ्यात २२ अंश असेल तर १५० तास लागतात. अळी तीच, लांबी तीच, फरक दोन दिवसांचा. संशयित त्या दोन दिवसांत गावात होता की नव्हता, यावरच खटला उभा राहतो किंवा पडतो. त्यात घाटमाथ्यावर झड लागली की माश्या उडतच नाहीत. रात्रीही त्या सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून अळीचे वय हा मृत्यूचा 'किमान' काळ असतो, नेमका नव्हे.

आता नमुन्यांविषयी, कारण सगळे बिघडते ते इथेच. फिनेल किंवा डास मारायचा फवारा मारण्याआधी नमुने घ्या. देहाच्या प्रत्येक जागेवरून वेगळ्या बाटलीत पन्नासेक अळ्या घ्याव्यात. त्यांत सर्वांत मोठ्या हव्यातच. अर्ध्या अळ्या उकळून खाली उतरवलेल्या गरम पाण्यात अर्धा मिनिट बुडवून मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये टाकाव्यात. थेट अल्कोहोलमध्ये टाकल्या तर त्या आक्रसून काळ्या पडतात आणि लांबीचे माप चुकते. फॉर्मॅलिन नको, त्याने डीएनए खराब होतो. उरलेल्या अर्ध्या माशी होईपर्यंत जिवंत ठेवाव्यात : ओलसर भुसा, खायला काळजाचा तुकडा, बाटलीच्या तोंडावर फडके. हवाबंद डबा जीपमध्ये उन्हात राहिला की संध्याकाळपर्यंत सगळे मरते. बाटलीच्या आतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

कोष फक्त देहावर शोधू नयेत. पोट भरलेली अळी बहुधा बाजूला सरकते. काही मीटरपर्यंतची वरची पाचेक सेंटिमीटर माती चाळावी. लटकलेल्या देहाखालची जमीन तर हमखास चाळावी. तापमान सावलीतल्या हवेचे, जमिनीचे, देहाखालचे आणि अळ्यांच्या गोळ्याचे घ्यावे. हा गोळा स्वतःच तापतो, भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंशांनीही जास्त. मग तीन ते पाच दिवस त्याच जागी तापमान नोंदवून ते बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या वेधशाळेच्या आकड्यांशी ताडून बघावे. देह शवागाराच्या थंडीत कधी ठेवला ती वेळ लिहून ठेवावी. मुंग्यांनी कुरतडलेली त्वचा ओरखड्यांसारखी किंवा ॲसिडने भाजल्यासारखी दिसते, त्यामुळे मारहाणीचा भलता निष्कर्ष निघतो.

भीमगडच्या रानात मेलेला गवा सापडला तर हेच सगळे वनखात्याला लागू होते. शिकार कधी झाली हे कळले, तरच त्या दिवशी वाटेवर कोण होते हा प्रश्न विचारता येतो. विम्याच्या जनावरांबाबत एक सावधगिरी मात्र हवी. जिवंत गाईच्या जखमेत आसड्या पडल्या असतील, तर अळीचे वय मृत्यूपेक्षा जास्त भरते. पशुवैद्यकाने आधी जनावराच्या मालकाला जखमेबद्दल विचारावे.

नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक (फॉरेन्सिक) तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत दिली आहे. तोवर प्रत्येक ठाण्यात एक खोके तरी असावे : चार बाटल्या, चिमटा, बारीक ब्रश, थर्मामीटर, अल्कोहोल, चाळण, थर्मास. खर्च म्हणावा असा काही नाही.

दुसरी मागणी महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांकडे. जगभर हा अभ्यास साधारण माणसाच्या धडाएवढ्या डुकरावर होतो. आपल्याकडे खानापूरचा घाट आणि अथणीचा कोरडा माळ असे दोन तक्ते हवेत, पावसाळ्याचे वेगळे, उन्हाळ्याचे वेगळे. आधीच मेलेली डुकरे मिळवावीत, रोज ठरलेल्या वेळी अळ्या मोजाव्यात. फक्त पिंजरा जाड जाळीचा आणि जमिनीत खुंट्या ठोकून बसवलेला हवा. नाहीतर पहिल्याच रात्री कोल्ही-कुत्री प्रयोग ओढून नेतील.

आपले,
प्राणिशास्त्राचे दोन अध्यापक, खानापूर (जि. बेळगाव)