बाबा, मॅच मी पाहतच नाही

मानेवाडा, नागपूर
१४ डिसेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

पाकीट पाहून दचकू नका, इकडे सगळे मजेत आहोत. पत्राचं कारण फोन. दर रविवारी मी फोन करतो, बाबा तुम्ही विचारता, "काय मग, कशी झाली मॅच?" मी सांगायला लागतो, तुम्ही "हॅलो, हॅलो" करता, मग आई फोन घेते आणि तुमच्याकडे वळून ओरडते, "बरी झाली म्हणतो!" तुम्ही पुण्याला गेल्यापासून दोन वर्षं माझ्या प्रत्येक मॅचचा वृत्तांत एवढाच आहे. बरी झाली. दादानं आणलेलं कानाचं यंत्र तुम्ही डबीतून काढत नाही, हेही मला आईनंच सांगितलं.

म्हणून लिहायला बसलो. सोबत सहा फोटो आहेत, मोठ्या आकारात काढून आणलेत. तुमच्याकडे आमचा पेपर येत नाही आणि मोबाईलवरचं पान तुम्हाला दिसत नाही, म्हणून. प्रत्येकाच्या मागं पेन्सिलीनं तारीख टाकली आहे. पेननं लिहू नका, शाई पुढं उतरते.

आता तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर. बाबा, मॅच मी पाहतच नाही. पेपरसाठी मॅचचे फोटो काढायला लागून पंचवीस वर्षं झाली, एकही धड पाहिलेली नाही.

जामठ्याच्या स्टेडियमवर सीमारेषेबाहेर बसतो तिथून चारशे मिलिमीटरच्या लेन्समधून एक माणूस आणि त्याच्या आजूबाजूची दोन-तीन हात जागा दिसते, बस्. चेंडू बॅटला लागला की तो माझ्या चौकटीतून जातो, पुढं त्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही. चार की सहा, ते मी आवाजावरून ओळखतो. चौकाराचा आवाज हळूहळू चढतो, सिक्सरचा एकदम फुटतो, आणि झेल सुटला की सगळं स्टेडियम मिळून एकच उसासा टाकतं. विकेट पडते तेव्हा लेन्स बहुतेक स्टंपवर नसते. बोलरवर असते, कारण ओरडत तोच पळणार असतो. कोणता बोलर कुठल्या बाजूला पळतो याचा मी जेवढा अभ्यास केला तेवढा दहावीचा केला असता तर तुमची बोलणी वाचली असती.

तुमची हॅटट्रिक आठवा. ३१ ऑक्टोबर १९८७, सिव्हिल लाइन्सचं जुनं ग्राउंड, वर्ल्ड कप, समोर न्यूझीलंड. रुदरफर्ड, स्मिथ, चॅटफिल्ड, तिघंही त्रिफळाचित. तुम्ही अजून हातानं दाखवता, कोणता स्टंप कसा गेला ते. आणि मग गावसकरच्या ८८ चेंडूंत नाबाद १०३, वन-डेतलं त्याचं एकुलतं एक शतक. मी सात वर्षांचा होतो, तुमच्या शेजारी होतो. लोकांना मी ऐटीत सांगतो की चेतन शर्माची हॅटट्रिक मी पाहिली. खोटं आहे. मला फक्त लाल बर्फाचा गोळा आणि शर्टवर पडलेला डाग आठवतो. बाकी जे सांगतो ते सगळं तुमचं आहे.

आता माझी हॅटट्रिक ऐका. १० नोव्हेंबर २०१९, जामठा, बांगलादेश, रात्रीची टी-ट्वेंटी. दीपक चाहरनं अठराव्या षटकाच्या शेवटच्या चेंडूवर विकेट काढली, ती मी टिपली. ऑफिसातून फोनवर फोन, डाक आवृत्तीचं पान सोडायचं आहे, काय असेल ते पाठव. (आई, डाक म्हणजे गडचिरोली-चंद्रपूरकडे जाणारा पेपर. तो लवकर छापतात, गाडी गाठायची असते.) मांडीवर लॅपटॉप घेऊन फोटो निवडला, ओळ लिहिली, पाठवत बसलो. एकोणिसावं षटक दुसऱ्यानं टाकलं, ते मी मान वर करूनही पाहिलं नाही. विसाव्याच्या पहिल्या चेंडूवर आवाज फुटला. कॅमेरा उचलेपर्यंत दुसरा चेंडू पडला, पुन्हा आवाज, सगळे पळत सुटले. मॅच जिंकलो, जल्लोषाचे वीस-पंचवीस फोटो काढले, खूश होऊन पाठवले. दहा मिनिटांनी डेस्कवरून फोन.

"हॅटट्रिकचा फोटो कुठं आहे?"

"कोणाची हॅटट्रिक?"

पलीकडे जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. सात धावांत सहा बळी, तेव्हाचा विश्वविक्रम, भारतीय पुरुष संघाची टी-ट्वेंटीतली पहिली हॅटट्रिक, आपल्या नागपुरात, माझ्यापासून शंभर पावलांवर. आणि माझ्या सगळ्या फोटोंत चाहर पाठमोरा. त्यातलाच एक छापला. तो पाकिटात ठेवला आहे, पाठीवरचं नाव तेवढं स्वच्छ वाचता येतं. तुम्ही त्या रात्री टीव्हीवर सगळं पाहिलं होतं आणि मी घरी आल्यावर उठून बसून विचारलं होतं, "जवळून कशी दिसली रे?" मी म्हणालो, "भारी." त्याबद्दल हे पत्र समजा.

रणजीच्या फायनलचे तीन फोटो आहेत. एक २०१९ च्या फायनलचा, तुम्ही इथंच होता तेव्हाचा, आणि दोन या वर्षीच्या, तेव्हा तुम्ही पुण्यात होता. गंमत अशी की आपण जिंकलो शुक्रवारी आणि चषक मिळाला रविवारी. पहिल्या डावात विदर्भाच्या ३७९, केरळचा डाव २८ फेब्रुवारीला ३४२ वर संपला. ती ३७ धावांची आघाडीच निकाल ठरली, कारण सामना पुढं अनिर्णित राहिला. अनिर्णित मॅचमध्ये विजयाचा क्षण कुठला काढायचा, बाबा? शेवटची विकेट नाही, शेवटची धाव नाही. लोक हात मिळवतात, बस्. म्हणून मी शुक्रवारचा फोटो पाठवतो आहे, केरळचा कप्तान सचिन बेबी ९८ वर बाद होऊन परत चालला आहे तो. मागं आपले पोट्टे नाचून राहिले, ते धूसर आहेत, मुद्दाम. तिसरा रणजी चषक म्हटलं की मला ती पाठ दिसते. डेस्कनं अर्थातच चषकाचाच छापला.

दुसरा करुण नायरचा. दुसऱ्या डावात शतक झाल्यावर त्यानं मोसमातल्या नऊ शतकांची नऊ बोटं दाखवली. रात्री उपसंपादकाचा फोन, "भाऊ, बोटं आठच दिसतात." ग्लोव्हजमध्ये एक अंगठा लपला होता. मोजून पाहा.

क्रिकेटचं एवढं पुरे. वर्षातले आठ-दहा दिवस जामठा असतो. उरलेलं वर्ष मानकापूरचं क्रीडा संकुल, रेशीमबाग, चिटणीस पार्क, विद्यापीठाचं ग्राउंड आणि कामठीचा फुटबॉल. हॉलमधल्या दिव्यांशी माझी जुनी दुश्मनी आहे. ते सेकंदाला शंभर वेळा मिचकावतात, आपल्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं, आणि कबड्डीचा झकास फोटो अर्धा पिवळा अर्धा काळा येतो. सगळ्यात अवघड मात्र आट्यापाट्या. तुम्ही खेळायचे म्हणून सांगतो. चेंडू नाही, त्यामुळं नजर ठेवायची कुठं तेच समजत नाही. खेळणाऱ्याच्या पायांकडे पाहावं तर तो खांद्यानं हूल देतो. तीन वर्षांत मनासारखा एकच फोटो मिळाला, सूरपाटीवरचा, म्हणजे मधल्या उभ्या पाटीवरचा. तो पाचवा आहे. हूल खाल्लेल्या पोराचं तोंड बघा.

सहाव्या फोटोबद्दल नीट लिहितो. शालेय खो-खो, जिल्हास्तर, सकाळी नऊचं ऊन. एका मुलीनं खांबापाशी सूर मारून गडी टिपला, पूर्ण आडवी, मातीच्या वीतभर वर. असा फोटो वर्षातून एखादा हाती लागतो. मी चार कॉलम मागितला होता. पण त्याच दिवशी बक्षीस वाटायला पाहुणे आले होते, आणि पाहुणे सात होते. सात माणसं रांगेत उभी केली की तीन कॉलम जातातच, शिवाय ओळीत 'डावीकडून' करत सगळ्यांची नावं, एक जरी चुकलं तरी सकाळी संपादकांना फोन. माझी मुलगी एका कॉलमात गेली. उजवीकडून कापली.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील ऑफिसात आले, काटोलकडून एसटीनं. अंकाचा चौपट घडी घातलेला कागद खिशातून काढला. मला वाटलं, जादा अंक पाहिजे असतील, असे बरेच येतात. तर त्यांनी फोटोच्या कडेवर बोट ठेवलं. तिथं चार बोटं दिसत होती, कुणाची तरी, फक्त बोटं.

"साहेब, हे बोटं आमच्या भाचीचे आहेत. ती दुसऱ्या शाळेकडून खेळून राहिली होती. पूर्ण फोटो भेटन का?"

पूर्ण फोटोत भाची आहे, तोंड उघडं, अर्धं वळलेलं अंग, आणि तिच्या पाठीला मामेबहिणीचा हात नुकता लागतो आहे. दोघी सकाळी एकाच गाडीनं आल्या होत्या म्हणे. मी दोन प्रती काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत. तिसरी तुमच्या हातात आहे. छापलेला तुकडाही सोबत जोडला आहे. आई, तुला हा आवडेल. फ्रीजवर लाव, पण चुंबकानं, टेपनं नको.

आई, तुझे प्रश्न मला पाठ आहेत म्हणून एकदमच उत्तर देतो. जेवतो. पाठ डॉक्टरांना दाखवली, वजन कमी उचला म्हणाले. लेन्सचं की माझं ते विचारलं नाही. उन्हात दुपट्टा बांधतो. मे महिन्यात काळा कॅमेरा गालाला चटका देतो, म्हणून कॅमेऱ्यालाही ओला दुपट्टा बांधतो, लोक हसतात. तुझ्या भिशीच्या पैशातून घेतलेला पहिला कॅमेरा कपाटात आहे. त्याच्या लेन्सला या पावसाळ्यात बुरशी धरली. पूर्वी तू ती तांदळाच्या डब्यात ठेवू द्यायचीस, कुरकुर करत का होईना. तुझ्या सुनेला तो प्रकार मान्य नाही.

त्या कॅमेऱ्यावरून बर्फ आठवला. तुम्हाला कधी सांगितलं होतं की नाही कोण जाणे. मी उमेदवारी करत होतो तेव्हा ऑफिसच्या डार्करूममध्ये उन्हाळ्यात टाकीचं पाणी चहाला चालेल इतकं तापायचं. डेव्हलपर लागतो वीस अंशांवर, जास्त गरम झाला तर फिल्मवरचा थर सुटून येतो. मग मला पिटाळायचे गोळेवाल्याकडे बर्फ आणायला. एक रोल म्हणजे छत्तीस फोटो, तोही दोन दिवस पुरवायचा. आता सेकंदाला वीस निघतात. तरीही चाहर पाठमोराच.

नोकरीचं थोडक्यात सांगतो, फार विचार करू नका. आम्ही पाच फोटोग्राफर होतो, दोन उरलो. वार्ताहरांना सांगितलं आहे, मोबाईलवर काढून पाठवा. माझं नाव यादीत अजून आहे, पण मला आता मोर्चे, अपघात, उद्घाटनं, सगळंच करावं लागतं. हा आठवडा अधिवेशनात गेला. जुलैत दिव्या देशमुख बुद्धिबळाचा वर्ल्ड कप जिंकून आली तेव्हा विमानतळावर तिला टिपायला गेलो, तर मोबाईल धरलेल्या दोनशे हातांमधून मला तिचा एक डोळा मिळाला. एकोणीस वर्षांची पोर, जग जिंकून आलेली, भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर. तो एक डोळा मात्र मला आवडतो. ऑफिसनं छापला नाही. पाठवणार होतो, पण सातवा फोटो पाकिटात मावेना.

आता मुद्द्याचं. २१ जानेवारीला जामठ्यात टी-ट्वेंटी आहे. समोर न्यूझीलंड. बाबा, तुम्ही या. तिकिटाचं मी पाहतो, चांगल्या स्टँडचं. डीजे कानठळ्या बसवतो, शेजारी-पाजारी बोटं घालून बसतात, तुम्हाला त्याचा काही त्रास नाही. यंत्र डबीतच राहू द्या. आईच्या गुडघ्याला पायऱ्या झेपायच्या नाहीत, ती घरी नातवासोबत टीव्हीवर पाहील. जानेवारीत संत्री असतात, थंडी छान असते, आणि पुडाची वडी कशी करायची यावर तुझ्या सुनेचं तुझ्याकडे काम आहे.

मी समोर, खाली, बोर्डांच्या मागं बसलेला असेन. तुम्ही सगळं पाहून घ्या, कुठल्या चेंडूवर काय झालं, कोण कसा गेला. रात्री वर्धा रोडवर गाड्या तुंबतात, घरी यायला दोन तास सहज लागतात. तेवढ्या वेळात मला सांगा.

दादाला म्हणा, लोअर बर्थ दोन काढ, १८ किंवा १९ तारखेची. तो आळस करेल, रोज आठवण द्या.

तुमचा,
बाळू

ता. क. – चाहरचा फोटो फ्रीजवर लावू नका.