गुरुजींच्या कॅसेटमधला दम कापू नकोस

मिरज

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं, सोबतची तबल्याच्या शिकवणीची फाइलही ऐकली. गुरुजींचा आवाज इतक्या वर्षांनी कानावर पडला आणि हातातलं काम सोडून पूर्ण बाजू ऐकत बसलो. फीत खराब व्हायच्या आत सगळं संगणकावर उतरवून घेतलंस, फार मोलाचं काम केलंस.

आता तुझा प्रश्न : मधल्या शांत जागा एका झटक्यात काढता येतील का? येतील. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ‘ट्रंकेट सायलेन्स’ आहेच. पण शिकवणीच्या भागाला ते लावू नकोस, अगदी हात जोडून सांगतो.

आवाज ठरलेल्या पातळीखाली गेला आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त तिथेच राहिला, की तेवढा तुकडा ते आखूड करतं. मुळात तिथे उणे 20 डेसिबल आणि अर्धा सेकंद असे आकडे भरलेले असतात. उणे 20 म्हणजे ध्वनिलहरीच्या कमाल उंचीचा दहावा भाग. डग्ग्याची घुमक थाप पडल्यावर बघता बघता त्याच्याखाली उतरते. म्हणजे आपल्याला ऐकू येत असलेला नादही त्याच्या लेखी शांतता!

तुझ्या फाइलमधली ती सोळा मात्रांच्या त्रितालातली तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवायची रचना, घे. ‘तिट कत गदि गन धा’, मग एक मात्रा दम, म्हणजे थांबा, असं तीनदा. 5, 1, 5, 1, 5 मिळून 17 मात्रा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, उचलली की शेवटचा धा बरोबर पुढच्या समेवर. गुरुजींनी ती सावकाश वाजवली आहे, मात्रा साधारण सेकंदाची. म्हणजे धा वाजल्यापासून पुढच्या ‘ति’पर्यंत जवळजवळ दोन सेकंद हात थांबलेला. यंत्र नेमकं तेच खाणार. दोन्ही दम गेले की उरल्या 15 मात्रा, आणि शेवटचा धा पडला पंधरावीवर. ताल धरून ठेवणारी लेहऱ्याची धून नाही, मागे ठेका नाही; नवा विद्यार्थी ते ऐकून तसंच बसवेल, किंवा गुरुजीच चुकले असं समजेल. हे मला सहन होणार नाही, तुलाही होणार नाही.

मग कापायचं काय? सी-90 ची एक बाजू 45 मिनिटांची. शिकवणी संपल्यावर पुढे नुसती खरखर आहे, ती खुशाल उडव. टेप बंद-चालू केल्याचे खटके काढ. हातोडीने गट्टे ठोकून तबला सुरात लावतात तो भाग मात्र राहू दे. कंटाळवाणा वाटेल, पण शिकणाऱ्याचा कान तिथेच तयार होतो.

कात्री लावायच्या आधी एक काम कर. जिथे फक्त खरखर आहे असे दोनेक सेकंद निवडून ‘नॉइज रिडक्शन’मध्ये त्याचा नमुना घे. सगळ्या शांत जागा आधीच उडवल्यास, तर हा नमुना आणणार कुठून? खरखर थोडीच कमी कर; जास्त दाबलीस तर किनारीचा चाटीचा बोल बोथट होतो. आणि बोलांच्या मधे कोरी शांतता भरू नकोस. खरखर अचानक थांबली की कानाला खड्ड्यात पाय पडल्यासारखं होतं.

काम हातानेच कर. ऐकत जा, जागा सापडली की ती निवडून कंट्रोल आणि बी दाबून खूण कर, सगळ्या खुणा झाल्या की मग काप. मूळ वेव्ह फाइल वेगळ्या डिस्कवर तशीच ठेव, एमपीथ्री वाटण्यापुरती.

वेळ लागेल, मान्य. निम्म्या कॅसेटी माझ्याकडे दे, आपण वाटून घेऊ. रेल्यांची, म्हणजे जलद बोलांच्या रचनांची, कॅसेट म्हणालास ती आधी पाठव, तिच्यातला पढंतीचा, म्हणजे बोल तोंडाने म्हणण्याचा, भाग मला पुन्हा नीट ऐकायचा आहे. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
मित्र