कॅसेटवरची बारीक अक्षरं

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "प्रोड्यूसर करतो तरी काय?" तेव्हा मी घाईत होतो, उत्तर अर्धवटच राहिलं. आज निवांत लिहितो.

होस्टेलवर आपण डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या 'मशीन हेड'ची कॅसेट झिजवली, आठवतं? तिचा रेकॉर्डिंग इंजिनिअर होता मार्टिन बर्च, इंग्लंडमधल्या वोकिंगचा. डिसेंबर 1971 मध्ये डीप पर्पल रेकॉर्डिंगसाठी स्वित्झर्लंडमध्ये माँत्रोला गेले, आणि ज्या कॅसिनोत ते व्हायचं तोच अमेरिकन संगीतकार फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात जळून खाक झाला. त्यांच्या 'स्मोक ऑन द वॉटर' गाण्यातला धूर तो हाच. मग एका थिएटरात काम सुरू केलं, तर आवाजामुळे पोलीस दारात. शेवटी थंडीत बंद पडलेलं ग्रँड हॉटेल मिळालं. तिथल्या कॉरिडॉरमध्ये गाद्या उभ्या करून यांनी वाजवायचं, आणि रेकॉर्डिंगची यंत्रं बाहेर उभ्या ट्रकमध्ये. ट्रकपर्यंत जायला खोल्या-बाल्कन्या ओलांडाव्या लागत, म्हणून मंडळींनी वाजवलेलं ऐकायला जाणंच सोडून दिलं. बर्च तेव्हा 22 वर्षांचा. एवढ्या मोठ्या बँडने त्या पोराच्या कानांवर भिस्त ठेवली! त्याच कॅसेटवरच्या 'हायवे स्टार'मध्ये ऑर्गन आणि गिटार एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तरी एकही सूर दुसऱ्याखाली दबत नाही. ही करामत त्याचीही आहे.

पुढच्याच ऑगस्टमध्ये ओसाका आणि टोकियोतले कार्यक्रम त्यानेच टेपवर घेतले. 'मेड इन जपान' हा लाइव्ह अल्बम तो. मग रेनबो, व्हाइटस्नेक हे बँड, आणि ब्लॅक सॅबथचा 'हेवन अँड हेल' अल्बम.

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर 1982 चं आहे. आयर्न मेडन या बँडमध्ये ब्रूस डिकिन्सन हा गायक नवा आला होता, आणि बर्च त्यांचा प्रोड्यूसर होता. 'द नंबर ऑफ द बीस्ट'च्या सुरुवातीच्या हलक्या आवाजातल्या ओळी बर्चने त्याच्याकडून तासन्‌तास गाऊन घेतल्या. पुन्हा. पुन्हा. ब्रूसला कधी एकदा मोकळ्या गळ्याने ओरडतो असं झालेलं. वैतागून त्याने खुर्च्या फेकल्या. बर्च हलला नाही. आता ते गाणं लाव आणि त्या कुजबुजीनंतरची किंकाळी ऐक. दिवसभराचा कोंडलेला राग आहे तो. समोरच्याच्या आत काय दडलंय ते ओळखायचं आणि बाहेर येईपर्यंत त्याला सोडायचं नाही. माझ्या लेखी प्रोड्यूसरचं काम हेच.

1981 ते 1992 मेडनचे सगळे स्टुडिओ अल्बम त्याचेच. मग 43 व्या वर्षी त्याने काम थांबवलं, ते कायमचं. ऑगस्ट 2020 मध्ये तो गेला, तेव्हा मला घरचंच कुणी गेल्यासारखं वाटलं. फेब्रुवारी 2008 मध्ये मुंबईत बीकेसीच्या मैदानावर मेडनच्या कार्यक्रमात आपण घसा बसेपर्यंत जी गाणी म्हटली, त्यातली जवळजवळ सगळी त्याच्या हाताखालून गेलेली होती. त्या रात्री त्याचं नावसुद्धा आपल्या तोंडी आलं नाही, याची मला अजून चुटपुट लागते.

दिवाळीत येशील तेव्हा ती कॅसेट आण. डेक दुरुस्त करून ठेवलाय.

तुझाच,
मन्या