काल रात्री तुला नाही म्हणालो ते का

प्रिय नंदू,

काल रात्री फोनवर मी तुला तोडून टाकल्यासारखं नाही म्हणालो आणि तू काही न बोलता फोन ठेवलास, त्यानंतर मला झोप नाही लागली. तुझी घाई मला कळत होती रे, हल्ल्याबद्दल तुझ्या साहेबांना सकाळी मीडियासमोर उभं राहायचं होतं, निवेदन तुलाच लिहायचं होतं आणि माझ्याकडून हवी होती फक्त चार वाक्यं, त्यातलं एक "यामागे कोण असू शकतं" यावर, कारण मी दहशतवाद हा विषय शिकवतो. ते एक वाक्य मला देता येत नव्हतं. का ते सांगतो.

तुला हे मी कधी बोललो नाहीये. काही वर्षांपूर्वी असाच एक हल्ला झाला होता आणि चाळीसेक मिनिटांत एका चॅनलचा फोन आला, सर पाच मिनिटं लाइव्ह याल का. मी गेलो. लॅपटॉप पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवून, कानात इयरफोन, स्क्रीनवर माझ्यासकट चार चौकोन, खाली मृतांचा आकडा बदलत होता. अँकरने विचारलं कोणाचा हात असेल, आणि मी "माहीत नाही" म्हणायच्या ऐवजी "पॅटर्न बघता" असं म्हणून सुरुवात केली. पुढे जे बोललो त्यातून एका समाजाकडे सरळ बोट जात होतं. आठवड्याभरात तपास भलतीकडेच गेला, चॅनलने मला परत बोलावलं नाही आणि मीही आपणहून कुठे काही खुलासा केला नाही. आमच्या वर्गात त्याच समाजातला एक मुलगा होता, दोन दिवस आला नव्हता, तिसऱ्या दिवशी तास संपल्यावर टेबलापाशी येऊन म्हणाला, सर, तुम्हाला टीव्हीवर बघून आई म्हणाली आत्ता कॉलेजला जाऊ नकोस. तक्रारीच्या सुरात नाही, गैरहजेरीचं कारण सांगावं तसं. मी हजेरी मांडली त्याची. बाकी काही बोलता आलं नाही मला.

तेव्हापासून मी जुनी प्रकरणं याच नजरेने वाचतो, की पहिल्या दोन-तीन दिवसांत कोण काय बोललं आणि नंतर काय निघालं. ओक्लाहोमा सिटीचं घे. १९ एप्रिल १९९५, सकाळी ९ वाजून २ मिनिटांनी सरकारी इमारतीसमोर ट्रकबॉम्ब फुटला, १६८ माणसं गेली, त्यात १९ लहान मुलं. टीव्हीवर लगेच जाणकार सांगायला लागले की हे मध्यपूर्वेतल्या दहशतवाद्यांच्या पद्धतीचं दिसतंय. आणि ज्याने बॉम्ब ठेवला तो टिमोथी मॅकव्हे, अमेरिकेचाच माजी सैनिक, स्फोटानंतर दीडेक तासात गाडीला नंबरप्लेट नाही म्हणून हायवेवर एका पोलिसाने अडवला होता. म्हणजे इकडे चर्चा रंगल्या होत्या तेव्हा तो आधीच एका छोट्या तुरुंगात बसलेला होता, तो कोण आहे हे कोणालाच माहीत नव्हतं एवढंच. १६ वर्षांनी नॉर्वेत पुन्हा तेच, २२ जुलै २०११ ला ओस्लोत स्फोट झाला की पहिले काही तास जिहादी गटांचीच चर्चा, आणि निघाला कोण तर तिथलाच एक अतिउजवा माणूस.

राजकारण्यांचं याहून वाईट असतं कारण त्यांच्या हातात सरकार असतं. माद्रिदला ११ मार्च २००४ ला लोकल गाड्यांमध्ये बॉम्ब फुटले, १९३ जण गेले, आणि निवडणूक होती तीन दिवसांवर. स्पेनचे पंतप्रधान अझ्नार यांनी स्वतः वर्तमानपत्रांच्या संपादकांना फोन करून सांगितलं की हे ईटीएचं, म्हणजे बास्क फुटीरवाद्यांचं काम आहे. त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठरावही केला, क्रमांक १५३०, त्यात ईटीएचं नाव चक्क घातलेलं आहे. आणि त्याच दिवशी पोलिसांना एक व्हॅन सापडली होती, आत डिटोनेटर आणि कुराणातल्या आयतींची टेप. दोन दिवसांत लोक रस्त्यावर आले, आम्हाला खरं सांगा म्हणून, आणि रविवारच्या मतदानात सरकार पडलं. ते नुसत्या खोट्यामुळे पडलं का यावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण मला त्या लोकांचा राग समजतो. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांच्यासमोर तरी हिशोब करून बोलू नये.

मालेगाव तर आपल्यालाच माहितीये. ८ सप्टेंबर २००६, शब-ए-बारातचा दिवस, मशिदीजवळ कब्रस्तानात स्फोट, मेलेले बहुतेक मुस्लिम आणि पकडलेली नऊ माणसंही मुस्लिम. त्यातल्या बहुतेकांना जामिनावर सुटायला पाच वर्षं, २०११ उजाडलं, आणि कोर्टाने आरोपमुक्त केलं २०१६ मध्ये. त्या दहा वर्षांत कोणकोणत्या मंचावर कायकाय बोललं गेलं ते आठव. त्यातलं किती जणांनी परत घेतलं?

आता आमच्या लोकांबद्दल, म्हणजे अभ्यासकांबद्दल, कारण फक्त तुम्हा राजकारणातल्यांवर ढकलून चालणार नाही. आमच्यात दुसरी खोड आहे, माणसं अजून हॉस्पिटलात असतात आणि आम्ही मूळ कारणांवर लेक्चर सुरू करतो. ११ सप्टेंबर २००१ नंतर लगेच कोलोरॅडो विद्यापीठाच्या वॉर्ड चर्चिल यांनी लेख लिहिला आणि ट्विन टॉवर्समध्ये काम करणाऱ्या लोकांची तुलना नाझी अधिकारी आइशमनशी केली. मला ते क्रूर वाटतं, आजही. आणि अशा एका लेखामुळे पुढे "हे का घडलं" एवढंच विचारणाराही दहशतवाद्यांचा समर्थक ठरवला जातो, ते नुकसान वेगळंच. का घडलं हे विचारलंच पाहिजे, पण त्याला वेळ लागतो रे. रॉबर्ट पेप या अमेरिकी अभ्यासकाने १९८० ते २००३ मधले ३१५ आत्मघाती हल्ले एकेक करून तपासले तेव्हा दिसलं की सगळ्यात जास्त हल्ले करणारी एकटी संघटना होती श्रीलंकेतली एलटीटीई, जी धार्मिक नव्हतीच. त्यांच्या निष्कर्षांवर इतर अभ्यासकांनी भरपूर आक्षेप घेतले, ते घ्यायलाच हवेत, काम असंच पुढे जातं. चाळीस सेकंदांच्या बाइटमध्ये यातलं काय मावणार?

चांगलं बोललेलं कोणी आहे का असं तू विचारशील. आहेत. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न, १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जण मारले गेले, त्यांनी संसदेत सांगितलं की मी त्या माणसाचं नाव घेणार नाही, आणि महिन्याच्या आत, १० एप्रिलला, बंदुकांचा कायदा बदलून घेतला. नॉर्वेचे तेव्हाचे पंतप्रधान स्टोल्टेनबर्ग म्हणाले आमचं उत्तर आणखी लोकशाही, आणखी मोकळेपणा, पण भाबडेपणा नाही. हे वाक्य सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही, की वर्षभराने चौकशी आयोगाने लिहिलं की ओस्लोचा स्फोट टाळता आला असता, आणि तेव्हा त्यांनी जबाबदारी घेऊन माफी मागितली. मला ते जास्त मोठं वाटतं.

आणि आपल्याकडे २६/११ नंतर विलासराव ताज बघायला गेले तेव्हा सोबत अभिनेता मुलगा आणि एक सिनेमा दिग्दर्शक. आर. आर. आबा मोठ्या शहरांत असं होतं अशा अर्थाचं बोलून गेले. दोघांचीही खुर्ची गेली. १६६ माणसं गेल्यावर लोकांना एक शब्दही सहन होत नाही आणि तो होऊ नये असं माझं मत आहे.

तर नंदू, तुझ्या निवेदनासाठी माझ्याकडे आहे ते एवढंच. "भ्याड हल्ल्याचा तीव्र शब्दांत निषेध" काढून टाक, ते सगळ्यांच्या पीएकडे सेव्ह करून ठेवलेलं असतं. गेलेल्यांचा पक्का आकडा असेल तर दे, नसेल तर देऊ नको. नातेवाइकांनी कुठे फोन करायचा तो नंबर पहिल्याच परिच्छेदात टाक. कोणी केलं याबद्दल "तपास सुरू आहे, कळल्यावर आम्ही स्वतः येऊन सांगू" असं लिही, आणि तारीख घाल, कधी येणार त्याची. साहेब जखमींना भेटायला जाणार असतील तर कॅमेरे गेटबाहेर ठेव, त्यासाठी भांडावं लागलं तरी भांड.

सकाळचं बोलून झालं असेल एव्हाना, पण संध्याकाळीही त्यांना उभं करतीलच. ड्राफ्ट पाठव, मी जागा आहे. त्या मुलाचा नंबर मला सापडलाय, आता पास होऊन नोकरीला लागलाय तो, तुला हे पत्र टाकलं की त्याला फोन करणार आहे.

तुझा,
विकास