अण्णा, निगेटिव्ह भंगारात देऊ नका

मँचेस्टर

ती. अण्णा आणि आईस सा. नमस्कार,

परवा फोनवर अण्णा तुम्ही म्हणालात एवढा भारी मोबाईल घेतलास मग हे फिल्मच्या रोलवर फोटो काढायचं खूळ कशाला, आणि तेवढ्यात आई मागून म्हणाली की कपाटातली फोटोची जुनी पाकिटं भंगारवाल्याला द्यायचीत. मग रेंजच गेली. म्हणून हे टाईप करून पाठवायलेय, दादा वाचून दाखवेल. आधी मुद्द्याचं सांगते, ती पाकिटं देऊ नका. त्यात ज्या तपकिरी पट्ट्या आहेत ना, निगेटिव्हच्या, त्या तर अजिबात नका देऊ.

तुम्ही कॅमेऱ्यात 36 फोटोंचा रोल टाकायचात आणि तो पोळ्यापासून दिवाळीपर्यंत पुरवायचात. बैलं, मग महालक्ष्म्या, मग कुणाचं तरी बारसं, सगळं एकाच रोलवर एकामागं एक. वेरूळला गेलो तेव्हा कैलासासमोर आम्हाला उभं करून तुम्ही ढग सरायची वाट बघत राहिलात, मामा कुरकुरायला लागला तरी बटण दाबलं नाही, आणि शेवटचे दोन फोटो राखून ठेवले कारण आज्जी घरी होती. मागल्या खेपेला मी ती पट्टी ट्यूबलाईटसमोर धरून बघितली. आज्जीच्या दोनातल्या एकाची कॉपी स्टुडिओवाल्यानं काढलीच नव्हती, हललाय म्हणून. त्यात आज्जी पिठाच्या हातानं पदर डोक्यावर ओढायलीय आणि कुणाला तरी काहीतरी बोलायलीय. मोबाईल असता तर हा तिथल्या तिथं डिलीट झाला असता, आणि आपल्याकडं आज्जी फक्त खुर्चीत ताठ बसलेली तेवढीच उरली असती.

मला रोल आवडतो तो ह्याच्यासाठी बघा. लोक म्हणतात फोटोत बारीक ठिपक्यांसारखे दाणे छान दिसतात, रंग वेगळे येतात, ते खरंय पण तसले फिल्टर मोबाईलमध्ये पण मिळतात की. रोलवर जे काही ठरवायचं ते आधी ठरवावं लागतं, एका फोटोमागं पैसे जायलेत हे माहीत असतं म्हणून मी समोरच्या माणसाकडं नीट बघते, त्याच्याशी दोन शब्द बोलते, आणि मगच दाबते. आणि एकदा काढला की तो तिथंच राहतो, डोळे मिटलेला, मान कापलेला, सगळे. मोबाईलमध्ये मी एकाच माणसाचे वीस काढून त्यातला एक ठेवते आणि तो एक नेहमी सगळ्यात गुळगुळीत असतो.

आणि अजून एक, हे मला फार मोठं वाटतं. ब्लॅक अँड व्हाईट रोलवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात, जिलेटीनमध्ये बसवलेले. जिथं उजेड पडला तिथले कण डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवायच्या औषधात, काळी चांदी होतात, बाकीचे हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करायच्या औषधात, विरघळून जातात. म्हणजे आजोबांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलेला तो पांढऱ्या धोतरातला फोटो आहे ना, बारा फोटोंच्या रोलवरचा, त्याच्या निगेटिव्हवर धोतर काळं दिसतं कारण त्यांच्या अंगावरून परतलेलं ऊन खरंच त्या पट्टीवर येऊन पडलं होतं. त्या दिवशीचं ऊन. ते आपल्या कपाटात आहे, आणि आई ते भंगारात द्यायलीय!

इथं मी रोल घरीच धुते. अंधारात चाचपडत रोल चकरीवर चढवायचा, डबा बंद करायचा, 20 डिग्रीचं औषध ओतायचं आणि दर मिनिटाला डबा उलटासुलटा करायचा. औषध कोमट झालं की वेळेचं गणित बदलतं, म्हणजे मे महिन्यात आपल्या नळाच्या पाण्यानं करायचं तर बर्फच लागेल. शेवटी ओली पट्टी बाहेर ओढताना चित्रं दिसली की माझे हात थरथरतात अजून, खरंच.

आणि हे बंद पडलेलं काम नाही अण्णा. 2012 ला रोल बनवणाऱ्या कोडक कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा सगळे म्हणाले संपलं आता, पण त्यांचे रोल अजून निघायलेत. मी वापरते तो इलफर्ड कंपनीचा एचपी फाईव्ह रोल तर इथून जवळच, चेशायरमधल्या मोबर्लीला बनतो, आणि त्याच कारखान्यानं 2023 ला नवा कलर रोल काढला. 2024 ला पेंटॅक्सनं नवाकोरा रोलचा कॅमेरा आणला. आपल्या उटीच्या कारखान्यातला इंदू रोल मात्र बंद झाला, त्याचं वाईट वाटतं.

आता कामाचं. पट्ट्या पत्र्याखालच्या ट्रंकेत ठेवू नका, उन्हाळ्यात तिथं भट्टी असते, खालच्या खोलीत ठेवा. धरताना कडेला धरा, मधे बोट लावू नका, पुसू तर मुळीच नका. जुन्या प्लास्टिकला चिकटल्या असतील तर ओढू नका, मी आल्यावर बघते. बाकीच्या कोऱ्या कागदात घालून डब्यात ठेवा, आणि बुटाच्या खोक्यात पुड्या येतात ना त्या दोन टाका, पावसाळ्यात बुरशी धरते. कलरच्या आधी सांभाळा, त्यात चांदी राहत नाही, नुसते रंग असतात आणि ते उडतात.

मी येळवशीला, वेळ अमावस्येला येतेय. शेतात कडब्याच्या कोपीपाशी सगळ्यांचे काढायचेत, आंबील पिताना, भज्जी वाढताना, उभं राहा म्हणणार नाही कुणाला. रोल हातातल्या बॅगेतून आणीन, एअरपोर्टच्या नव्या स्कॅनरनं रोल खराब होतो म्हणून हातानं तपासा म्हणून सांगावं लागतं, त्यामुळं उशीर झाला तर काळजी करू नका.

आणि अण्णा, तुमचा कॅमेरा कपाटातून काढा पण मागचं झाकण उघडू नका. आत अर्धा रोल असू शकतो, उघडलं की उजेड लागून गेला. खालचे सेल तेवढे काढा, फुटून पाणी सुटतं त्यांचं. वर बटणाजवळ छोटी खिडकी आहे, त्यात आकडा असतो. तो किती आहे ते रविवारी फोनवर सांगा.

तुमची,
बेबी