देवमासा पुरण्याआधी त्याच्या तोंडातली एक पट्टी तरी काढून ठेवा

मा. संपादक,

किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला की पुढे काय होतं ते आम्ही दर्याकाठची माणसं चांगलं ओळखतो, गर्दी जमते, मोबाईलवर व्हिडिओ निघतात, पंचनामा होतो आणि वास सुटायच्या आत जेसीबी येऊन वाळूत खड्डा मारतो, विषय संपला. आमच्या गावाला असा एक लागला होता तेव्हा मी अगदी जवळ जाऊन बघितलेलं. तोंड अर्धवट उघडं, वरच्या जबड्याला दात नाहीतच, काळपट पट्ट्यांची रांग, फणीच्या दात्यांसारखी एकाला एक लागून, आणि आतल्या कडेला काथ्यासारखे राठ केस. ही त्याची गाळणी, बलीन म्हणतात तिला, पाणी बाहेर जातं आणि बारीक कोळंबीसारखे जीव नाहीतर छोटे मासे आत राहतात. ते सगळं तसंच खड्ड्यात गेलं. त्यात काय होतं हे मला नंतर वाचून कळलं, आणि तेव्हापासून चुटपूट लागून राहिलीय.

बलीन म्हणजे आपल्या नखासारखंच केराटिन. हिरडीतून सतत वाढतं, टोकाला झिजतं, म्हणजे हिरडीजवळचं ताजं आणि टोकाचं काही वर्षांपूर्वीचं. त्या त्या वेळी देवमाशाने जे खाल्लं त्यातला कार्बन-नायट्रोजन तिथे बसतो तो कायमचा. मग पट्टीवर ठराविक अंतराने बारीक ड्रिल मारून किंचितशी पावडर काढायची आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे अणू वजनानुसार वेगळे करणाऱ्या यंत्रात, कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ (नेहमीच्या कार्बन-नायट्रोजनचेच जरा जड प्रकार) किती ते मोजायचं. नायट्रोजनवरून कळतं की क्रिल (ते बारीक कोळंबीसारखे जीव) खाल्लं की मासे, कार्बनवरून कुठल्या पाण्यातलं खाल्लं त्याचा अंदाज येतो.

अलास्कात डोनाल्ड शेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोहेड देवमाशांवर हे केलं, १९८९ मध्ये छापून आलं. हा देवमासा हिवाळ्यात बेरिंग समुद्रात असतो आणि उन्हाळ्यात ब्यूफोर्ट समुद्रात, दोन्हीकडच्या प्लवकांमधला (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांमधला) कार्बन वेगळा, त्यामुळे पट्टीवर दरवर्षी एक चढ एक उतार अशी लाटच उमटलेली दिसली, आणि त्या लाटा मोजून वयाचाही अंदाज घेता आला! आयर्लंडच्या वेक्सफर्डला १८९१ मध्ये एक ब्लू व्हेल किनाऱ्याला लागली होती, तिचा सांगाडा आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये टांगलेला आहे. तिचं बलीन कुणीतरी सांभाळून ठेवलं म्हणून सव्वाशे वर्षांनी तिच्या शेवटच्या सात वर्षांच्या भटकंतीचा माग काढता आला. १८९१ ला हे तंत्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तरी ठेवलं.

आता आपलं बघा. अरबी समुद्रातले हंपबॅक जातीचे देवमासे दुसरीकडच्या हंपबॅकसारखे ध्रुवाकडे खायला जात नाहीत, वर्षभर इथेच राहतात, आणि शंभराच्या आतच उरलेत असा अंदाज आहे. ओमानला ठावठिकाणा कळवणारा टॅग लावलेली लुबान नावाची हंपबॅक मादी २०१७ च्या डिसेंबरात समुद्र ओलांडून गोव्याजवळ आली होती. ती इकडे खायला आली होती की आणखी कशाला? पावसाळ्यात कुठे चरतात, थंडीत कुठे? याचं उत्तर अशा पट्टीत मिळू शकतं. आपल्या समुद्रात मधल्या खोलीवर ऑक्सिजन फार कमी, तिथले जिवाणू नायट्रेट वापरतात आणि उरलेल्यात जड नायट्रोजन वाढतो, म्हणजे इथे चरलेल्याच्या अंगावर इथली खूण असणार. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, फार लांब जायला नको.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला पिल्लू लागलं तेव्हा लोकांनी रात्रीचा दिवस करून त्याला वाचवायची धडपड केली, ती सगळ्या राज्याने पाहिली. जिवंत जीवासाठी एवढं करणारी आपण माणसं, मग मेल्यावर तासभर जास्त द्यायला काय हरकत आहे? देवमासा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्यामुळे कुणीही उठून पट्टी घरी नेऊ नये, हे काम वनखात्यानेच करायला हवं. हिरडीपासून टोकापर्यंत एक अख्खी पट्टी, धुऊन सावलीत वाळवलेली, हिरडीकडचं टोक कुठलं त्याची खूण, तारीख, गाव, माशाची लांबी आणि जात. पंचनाम्यातच एक ओळ वाढवा, ‘बलीन काढून ठेवले का?’

आपला,
एक वाचक, गुहागर तालुका